दम आधी येतो, पाय नंतर

प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. वय ४२, वजन ८४ किलो, पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवरचं काम. शाळा सुटल्यापासून पळणं नाही. मे महिन्यात मित्रांच्या नादानं दोन आठवडे रोज पळून पाहिलं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत धाप लागली, बाराव्या दिवशी दोन्ही नडग्या दुखायला लागल्या आणि प्रकरण संपलं. आता विचारतायत: माझ्यात दमच नाही का? आणि येत्या जानेवारीत दहा किलोमीटर जमेल का?

जमेल. जून ते जानेवारी सात महिने हाताशी आहेत, तेवढे पुरतात. पण धाप आणि नडगी या दोन तक्रारी तुम्ही एकाच खात्यावर टाकल्या आहेत, तिथं हिशोब चुकलाय. धाप लागली ती जोरात पळाल्यामुळं. नडगी दुखली ती रोज पळाल्यामुळं. दोन वेगळी दुखणी, दोन वेगळे इलाज. पुण्यात चौदा वर्षं मी नवख्यांना पळायला शिकवतोय आणि निम्म्याहून जास्त माणसं या गोंधळातच सोडून जाताना पाहिली आहेत.

आधी धाप. तुमचे मित्र 'सहाच्या पेसनं' पळतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सहा मिनिटांत एक किलोमीटर. ते किती वर्षं पळतायत ते लिहिलं नाहीत. तुमचा आजचा वेग साधारण नऊ मिनिटांचा असायला हवा, साडेनऊ असला तरी बिघडत नाही. झपाझप चालणारा माणूस दहा-साडेदहा मिनिटांत किलोमीटर कापतो, तेव्हा तुम्ही त्याच्या जेमतेम पुढं राहाल. शेजारून कॅनव्हासचे बूट घातलेल्या एखाद्या मावशी तुमच्या बरोबरीनं चालत गेल्या, तर वेग बरोबर आहे असं समजा. याची लाज वाटते, मला ठाऊक आहे. आमच्याकडं एक इंजिनिअर यायचे, ते कोणी बघत असलं की जोरात पळायचे आणि झाडामागं गेले की थांबायचे.

दुसरी गोष्ट, पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यांनाच वाईट जातात. पाय हलले की स्नायू लगेच जास्त ऑक्सिजन मागायला लागतात, पण हृदय आणि फुप्फुसांची गाडी त्या मागणीला गाठायला दोन-तीन मिनिटं घेते. मधला काळ उधारीवर चालतो आणि ती उधारी म्हणजेच तुमची धाप. ऑलिंपिकला जाणाऱ्यालाही ही उधारी चुकत नाही, त्याची लहान असते आणि तो आधी अंग गरम करून ती आणखी लहान करतो. तुम्ही थेट दारातून पळत सुटलात आणि बरोबर उधारीच्या टोकाला, दुसऱ्या मिनिटाला, 'आपल्यात दम नाही' असा निकाल देऊन थांबलात. म्हणून आधी दहा मिनिटं चालायचं, शेवटची दोन मिनिटं भराभर. मग पळायचं.

वेग योग्य आहे का हे कळायला घड्याळ लागत नाही, बाराचा पाढा पुरतो. पळता पळता मोठ्यानं म्हणा: बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बार त्रिक छत्तीस. एवढं एका श्वासात आलं आणि पुढचा श्वास घेऊन पाढा पुढं चालू राहिला, तर वेग ठीक. 'बारा दुणे'लाच अडकलात तर जास्त होतोय. आणि पूर्ण पाढा गाण्यासारखा म्हणता आला तर किंचित वाढवायला हरकत नाही. मनगटावरची घड्याळं नाडीचे ठोके दाखवतात आणि २२० वजा वय या सूत्रानं तुमची कमाल मर्यादा १७८ धरतात. पण ते सूत्र माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडं-तिकडं होतं. पहिले तीन महिने तो आकडा बघूच नका.

बोलता येईल इतकंच पळायचं ही कल्पना माझी नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे दोन धावपटू, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दुपारी सुवर्णपदकं जिंकले, एक ८०० मीटरला आणि दुसरा ५००० मीटरला. स्नेल ८०० मीटरवाला असूनही आठवड्याला शंभर मैल पळायचा, आणि त्यातलं बरंचसं धाप न लागता. मग याच लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, काही तर हृदयविकार झालेल्या माणसांना गप्पा मारत हळूहळू पळायला लावलं. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथं गेले आणि त्यांच्याबरोबर पळायला निघाले, तर सत्तरी उलटलेला एक गृहस्थ त्यांना मागं टाकून गेला. बॉवरमन तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी सामान्य माणसांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले.

आता नडगी. तुमचं खरं प्रकरण हे आहे.

सावकाश पळताना एका किलोमीटरला साधारण १३०० पावलं पडतात, म्हणजे एकेका पायावर साडेसहाशे. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट भार पायावर येतो. तुमच्या बाबतीत दोनशे किलोच्या आसपास. तीन किलोमीटर पळालात तर एकेका नडगीनं हे जवळजवळ दोन हजार वेळा झेललं. चालताना हाच भार वजनाच्या सव्वापट असतो. हाडाला हे सहन करायला शिकता येतं, हाड जिवंत असतं. पण त्याची पद्धत आपल्याकडच्या रस्तादुरुस्तीसारखी आहे: जुना भाग आधी खणून काढायचा, मग नवा भरायचा. पूर्ण काम उरकायला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काही आठवड्यांत तो भाग आधीपेक्षा नाजूक असतो. खणलेल्या रस्त्यावरून रोज ट्रक नेला तर काय होईल, तेच होतं.

उलट रक्ताचं काम भराभर होतं. नियमित व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. पाच-सहा आठवड्यांत स्नायूंमध्येही फरक पडतो. म्हणजे दम महिना-दीड महिन्यात येतो आणि हाडं, स्नायूबंध यांना त्याच्या दुपटी-तिपटीनं वेळ लागतो. धोका या मधल्या फटीत आहे. पहिल्या आठवड्यात कोणी जायबंदी होत नाही, कारण धाप त्याला थांबवते. सहाव्या ते दहाव्या आठवड्यात होतात. दम आलेला असतो, उत्साह असतो, फोटो टाकून झालेले असतात, पाय अजून कच्चे असतात.

याची दोन टोकं मी एकाच पावसाळ्यात पाहिली. एकीकडं एक सायकलवाला आला, पुण्याहून महाबळेश्वरला सायकलनं जाणारा. पहिल्याच रविवारी आठ किलोमीटर हसत पळाला, श्वास फुलला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचं दुखणं नडगीवर एका जागी बसलं. दम भरपूर, पण सायकल पायावर आदळत नाही, त्यामुळं हाडं कोरी. त्याच गटात छप्पन्न वर्षांच्या एक बाई होत्या, आळंदी ते पंढरपूर पायी वारी सात-आठ वेळा केलेल्या. दिवे घाट बोलत चढणाऱ्या. त्यांना दोनशे मीटर पळवलं की त्या थांबून कमरेवर हात ठेवायच्या. पाय पक्के, पळण्याचा दम नाही. पण चार महिन्यांनी त्या पाऊण तास न थांबता पळत होत्या आणि एकदाही दुखलं-खुपलं नाही. सायकलवाला तेव्हा नुकता परत चालायला लागला होता.

मीही त्यातलाच. अडतिसाव्या वर्षी सुरुवात केली आणि चौथ्या महिन्यात, कोणाचं न ऐकता, एका स्पर्धेत एकवीस किलोमीटर पळालो. पुढचे नऊ आठवडे डाव्या नडगीच्या हाडाला बारीक तडा घेऊन घरात बसलो होतो. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही, तडा असा लपतो. एमआरआयमध्ये दिसला.

तेव्हा तुमचा कार्यक्रम. त्याआधी एक दिवस डॉक्टरांसाठी काढा. चाळिशी उलटलेली, बैठं काम, वजन जास्त: रक्तदाब, साखर, ईसीजी करून घ्या, आणि स्ट्रेस टेस्टची गरज आहे का ते त्यांना ठरवू द्या. वडील, काका, भाऊ यांच्यापैकी कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर ते न विचारता सांगा. आणि पळताना छातीवर दडपण, जबडा किंवा हातात कळ, डोळ्यांपुढं अंधारी, छातीत विचित्र धडधड, यातलं काहीही झालं तर 'गॅस असेल' म्हणून पुढं पळू नका. तिथंच थांबून दवाखाना गाठायचा. तापात पळायचं नाही, ताप उतरल्यावरही आठवडाभर नुसतं चालायचं.

पहिले तीन आठवडे पळायचं नाही. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास ते चाळीस मिनिटं, हात हलवत जोरात चालायचं. तुम्हाला हे मिळमिळीत वाटेल. नडग्या आत्ताच दुखून गेल्यात, त्यांना शांत करायचा हाच रस्ता.

चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन दिवस पळायचं आणि दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस सोडायचा. मंगळवार, गुरुवार, रविवार असं धरा. दहा मिनिटं चालून झालं की एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं चालणं. दोन आठवडे हेच. मग दोन मिनिटं पळून दोन मिनिटं चालणं, मग तीनाला दोन, पाचाला दोन, आठाला दोन. दर पायरीवर किमान एक आठवडा, जमलं नाही तर आणखी एक, त्यात कमीपणा नाही. 'काउच टू फाइव्ह के' नावाचा प्रसिद्ध कार्यक्रम १९९६ पासून जगभर फिरतोय, तो नऊ आठवड्यांत अर्धा तास पळवतो. चाळिशीपुढच्या, वजनदार आणि एकदा नडगी दुखून गेलेल्या माणसाला मी त्यासाठी तेरा-चौदा आठवडे देतो. म्हणजे चालण्याचे तीन धरून सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही सलग अर्धा तास पळाल. अंतर साडेतीन किलोमीटर भरेल. तेवढंच हवंय.

मधे मधे चालण्याला कमी लेखू नका. जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून धावले, त्यांनी १९७४ पासून नवख्यांना मुद्दाम पळणं-चालणं अशाच पाळ्यांनी शिकवलं, पुढं पूर्ण मॅरेथॉनसुद्धा लोकांकडून तशीच करून घेतली. यातली मेख अशी की चालायचं ते दमण्याआधी. दमल्यावर चालणं ही शरणागती झाली, तोवर पाय वेडेवाकडे पडायला लागलेले असतात.

ऑगस्टचा मध्य मी तुमच्या कॅलेंडरवर आत्ताच लाल करून ठेवतो. तेव्हा तुम्हाला वाटेल, आज जमतंय तर मित्रांबरोबर पाच मारू. नाही मारायचे. त्या काळात रोज सकाळी पलंगावरून उतरण्याआधी एक तपासणी करा: अंगठ्यानं नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर गुडघ्याकडं दाबत जा. वीतभर पट्टा ठणकत असेल, पळायला लागल्यावर दहा मिनिटांत कमी होत असेल, तर आठवडाभर पळणं निम्मं करा, चालणं चालू ठेवा. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर 'आई गं' निघालं, किंवा त्या पायावर एकट्यानं उडी मारता आली नाही, किंवा रात्री झोपेतही ठणकलं, तर पळणं पूर्ण बंद आणि अस्थितज्ज्ञांकडं. बर्फ लावून, गोळी खाऊन पळणारे मग तीन महिने बसतात.

नडगी वाचवायचा हुकमी उपाय पोटरीत आहे. जिन्याच्या पायरीवर पुढचे अर्धे तळवे टेकवून टाचा मोकळ्या सोडा. दोन मोजत वर, तीन मोजत खाली. आधी दोन्ही पायांवर पंधरा, तीन वेळा. महिन्याभरानं एकेका पायावर. एका पायावर सलग वीस-पंचवीस व्हायला लागले की पोटरी तुमचं वजन झेलायच्या लायकीची झाली. त्याबरोबर बैठका. कोल्हापूरकराला बैठक कशी मारायची हे मी पुण्यात बसून शिकवू नये, गल्लीतल्या तालमीत कोणालाही विचारा. फक्त पहिल्या दिवशी शंभर मारू नका, पंधरा-पंधराच्या दोन पाळ्या पुरेत. हे न पळण्याच्या दिवशी, आठवड्यातून दोनदा.

ऑक्टोबरपासून दमसासाचं काम. मंगळवार-गुरुवार अर्धा-पाऊण तासावर थांबायचं आणि फक्त रविवार लांबवायचा, दर आठवड्याला पाच मिनिटांनी. दर चौथ्या रविवारी मागं यायचं, पंचावन्नवर पोचला असाल तर चाळीस. लोक ही मागं यायची पायरी गाळतात, आणि नेमकं तेव्हाच भरलेला रस्ता सुकायचा असतो. अंतर मोजू नका, वेळ मोजा. डिसेंबरच्या शेवटापर्यंत तुमचा रविवार सव्वा तासावर येईल, त्यात साडेआठ-नऊ किलोमीटर आपोआप होतात. जानेवारीत मुंबईला किंवा कुठंही दहा किलोमीटरला उभे राहिलात तर पहिला किलोमीटर इतका हळू पळा की मागचे ओरडतील. दीड तासाच्या आत-बाहेर तुम्ही पोचाल. वेग वाढवायचे, चढ मारायचे व्यायाम त्यानंतर. यवतेश्वरच्या घाटातून जाणारी साताऱ्याची एकवीस किलोमीटरची हिल मॅरेथॉन तुमच्या मित्रांनी डोक्यात भरवली असेल तर ती पुढच्या वर्षी, किंबहुना त्याच्या पुढच्या.

बुटांबद्दल विचारलंय. पळण्याचे साधे बूट घ्या, बारा हजारांचे नकोत. संध्याकाळी खरेदी करा, पाय दिवसभरात फुगतो. सगळ्यांत लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर नख काळं पडतं. पाचशे-आठशे किलोमीटरनंतर बदला. कोल्हापूरच्या जुलैत ते रोज भिजणार, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, गॅसजवळ नाही. जागा निवडताना पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट टाळता आलं तर टाळा, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जाता येत असेल तर तिथं जा. मांड्या घासत असतील तर व्हॅसलीन. पहाटे कुत्री मागं लागली तर पळणं थांबवून चालायला लागा, पळणाऱ्याच्या मागं ती हौसेनं येतात.

वजनाबद्दल तुम्ही फार आशेनं लिहिलंय. एक किलोमीटर पळायला साधारण किलोमागं एक कॅलरी लागते. ८४ किलोचा माणूस चार किलोमीटर पळाला तर ३३०-३४० कॅलरी. रविवारी पळून झाल्यावर सगळ्यांनी मिळून मिसळ खायची आणि वर दोन पाव जास्त मागवायचे, ही पद्धत तुमच्याकडंही असेल, आमच्याकडं आहेच. हिशोब तिथं संपतो, थोडा उलटाही होतो. मी मिसळ सोडा म्हणत नाही, मी सोडलेली नाही. फक्त वजन उतरलं नाही म्हणून पळणं सोडू नका. सकाळी निघताना अर्धं केळं आणि पेलाभर पाणी पुरतं, तासाच्या आतल्या पळण्याला बाटली घेऊन फिरायची गरज नाही.

सगळ्यांत अवघड जाईल ते मित्रांबरोबर न पळणं. त्यांना सांगा, चालायचे दहा मिनिटं बरोबर करू, मग तुम्ही पुढं व्हा, मी मागून येतो, मिसळीला भेटू. तुमचा सातवा आठवडा झाला की नडगीवर अंगठा दाबून काय सापडलं ते मला लिहा, दुखतंय का यापेक्षा कुठं दुखतंय ते.